खोली तापविणारी शेगडी : निवड आणि पारख

चंदीगड हे शहर उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधले गेले. १९५१ साली ल कॉर्ब्युझिए व त्याचे सहकारी यांनी आराखड्याचे काम हाती घेतले, तेव्हा पंजाबच्या मैदानातील मे-जूनची झळ हीच त्यांच्यापुढील मोठी अडचण होती. ऊन अडविणारे काँक्रीटचे उभे-आडवे पडदे, खोल व्हरांडे, जाळीच्या भिंती, वारा खेळता ठेवणाऱ्या खिडक्या हे सर्व तिच्यावरचे उपाय होत. शहराचा मध्यवर्ती बाजार म्हणजे सेक्टर १७. तेथील उघड्या काँक्रीटच्या चार मजली इमारती, त्यांच्यापुढील सलग व्हरांडे आणि केवळ पादचाऱ्यांसाठी राखलेला फरसबंद चौक यांतही हीच दृष्टी दिसते. परंतु डिसेंबर सरता सरता हिमालयाच्या पायथ्याशी धुके उतरते, कधी कधी सलग काही दिवस सूर्यदर्शन होत नाही, आणि जानेवारीत पहाटेचे तापमान सरासरीने ६ अंश सेल्सिअसच्या आसपास येते. उन्हाळ्यात उपकारक ठरलेली प्रत्येक फट मग थंडीची वाट बनते.

अशा रात्री बाजार बंद झाल्यावर पहारेकरी व्हरांड्यांत छोटा जाळ करून बसतात. कोणाजवळ पत्र्याच्या डब्याची केलेली अंगीठी असते, म्हणजे आपल्याकडील शेगडीच. तीत लाकडाचे ढलपे, खोक्यांचे तुकडे, मिळाल्यास कोळसा. याच सेक्टरातील बसस्थानकावरून अनेक वर्षे सिमल्याकडच्या गाड्याही सुटत. पुढे त्या सेक्टर ४३ मधील नव्या स्थानकावर नेण्यात आल्या. त्या गाडीने शंभर-सव्वाशे किलोमीटर वर गेले की, घराघरांत वेगळ्याच जातीची शेगडी दिसू लागते. बंद दाराची, पत्र्याची आणि छपरातून बाहेर गेलेल्या नळीची ही ‘बुखारी’. मैदानातील अंगीठी आणि डोंगरातील बुखारी यांत जो फरक आहे, तोच घर तापविणाऱ्या शेगडीच्या निवडीत पहिल्याने समजून घ्यावा लागतो.

हा फरक मुख्यतः नळीचा आहे. अंगीठीला धुराडे नसते. त्यामुळे तिच्यात निर्माण झालेली जवळजवळ सगळी उष्णता खोलीतच राहते. निव्वळ हिशोबाने पाहिले तर तिच्याइतकी कार्यक्षम शेगडी दुसरी नाही! परंतु उष्णतेबरोबर ज्वलनाचे सर्व वायूही खोलीतच राहतात आणि त्यांत कार्बन मोनॉक्साइड असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याची जवळीक प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक असल्यामुळे श्वासातील थोडासा वायूही रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती झपाट्याने कमी करतो. डोके जड होते, मळमळते, ग्लानी येते. ही ग्लानी थंडीच्या रात्रीच्या सुखद झोपेसारखीच वाटते, आणि घात होतो तो येथेच. धूर दिसेनासा झाला, निखारे लाल झाले, आता शेगडी आत घ्यावयास हरकत नाही, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. वस्तुतः फुललेल्या कोळशातून धूर निघत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. उत्तर भारतात असा एकही हिवाळा जात नाही की, ज्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही, अशी बातमी वृत्तपत्रांत येत नाही. यास्तव जिच्यातील वायू नळीवाटे घराबाहेर जात नाहीत, ती शेगडी निजण्याच्या खोलीसाठी विचारातच घेऊ नये. कार्यक्षमतेचा प्रश्न त्यानंतरचा.

ही अट मान्य केली की कार्यक्षमतेचे दोन भाग पडतात. जळणात साठलेली उष्णता किती प्रमाणात मोकळी झाली, हा पहिला. आणि मोकळी झालेली उष्णता नळीतून निसटण्यापूर्वी खोलीस किती मिळाली, हा दुसरा. शेगडीत नव्वद टक्के ज्वलन झाले आणि त्या उष्णतेपैकी सत्तर टक्के खोलीत उतरली, तर एकूण कार्यक्षमता त्रेसष्ट टक्के झाली. दोहोंपैकी एकाच भागाकडे पाहणारा खरेदीदार फसण्याचा संभव असतो.

पहिला भाग कळण्यासाठी लाकूड कसे जळते ते पाहावे लागते. लाकूड तापले की त्यातून ज्वालाग्राही वायू व बाष्पे बाहेर पडतात. सुक्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अशा रीतीने उडून जातो व मागे कोळसा राहतो. आपणांस दिसणारी ज्योत ही बहुतांशी या वायूंची असते. ते पूर्णपणे जळावयाचे तर सहाशे अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक उष्णता, ज्योतीच्या वरच्या भागात पुरेशी ताजी हवा आणि दोहोंच्या मिसळणीस थोडा अवकाश लागतो. यांपैकी काहीही कमी पडले की न जळलेले वायू धूर होऊन बाहेर पडतात. धूर म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेले आणि न जळलेले लाकूडच होय. चांगल्या शेगडीत म्हणून जाळीखालून येणाऱ्या हवेखेरीज ज्योतीच्या वर हवा सोडणारी छिद्रे असतात, आतून अग्निविटांचे अस्तर असते आणि वायूंना सरळ नळीत शिरू न देता वळसा घालावयास लावणारी आडवी पाटी असते. अस्तरामुळे आतली उष्णता टिकते. पाटीमुळे वायूंना जळण्यास वेळ मिळतो आणि त्यांची उष्णता शेगडीच्या अंगास लागते.

उघडी भिंतीतील चूल, जिला डोंगरातील बंगल्यांत मोठी प्रतिष्ठा आहे, ती या दोन्ही कसोट्यांवर उणी पडते. तिची कार्यक्षमता दहा ते पंधरा टक्क्यांहून क्वचितच अधिक असते. त्याहून वाईट म्हणजे तिचे रुंद तोंड तासाला तीनशे घनमीटर वा त्याहून अधिक हवा खोलीतून ओढून घेते आणि तेवढीच थंड हवा दाराखिडक्यांच्या फटींतून आत येते. चुलीकडे तोंड केलेला माणूस भाजून निघतो आणि त्याची पाठ गारठते, हा अनुभव त्या बंगल्यांत राहिलेल्या कोणासही नवा नाही. युरोप-अमेरिकेत या दोषावर अठराव्या शतकापासून विचार झाला. बेंजामिन फ्रँकलिनने १७४० नंतरच्या दशकात चुलीपुढे लोखंडी पेटी बसवून वायूंना वळण देण्याचा प्रयत्न केला आणि तिचे एकस्व घेण्यास नकार दिला. पुढे १७९० नंतर काउंट रम्फर्डने चुलीचे पोट उथळ व बाजू तिरप्या केल्या, धुराड्याचा गळा अरुंद केला, आणि तेवढ्यानेही खोलीत येणारी उष्णता लक्षणीय वाढली. तथापि खरा फरक पडला तो बंद दाराच्या शेगडीने. चांगल्या बंद शेगडीची कार्यक्षमता साठ ते पंचाहत्तर टक्के असते.

डोंगरातील पातळ पत्र्याची बुखारी ही बंद शेगडीच, परंतु तिची गरीब बहीण म्हणावी अशी. ती पाच मिनिटांत तापते, आणि जाळ विझल्यावर तितक्याच लवकर थंड होते. अस्तर नसल्यामुळे पत्रा काही हंगामांत जळून जातो. तरीही ती स्वस्त आहे, दोघा माणसांस उचलता येते आणि उन्हाळ्यात काढून ठेवता येते. या गुणांकडे दुर्लक्ष करून तिला नावे ठेवणे बरे नव्हे. लाहौल भागात हिलाच ‘तंदूर’ म्हणतात. रोटीच्या तंदुराशी हिचा संबंध नाही. ही खोलीच्या मध्यभागी बसविलेली लोखंडी शेगडी असते, तिच्यावर भात शिजतो, पाणी तापते आणि भोवती सारे घर बसते. एकाच जळणातून तीन कामे होत असल्याने तिचा हिशोब केवळ खोलीच्या उष्णतेवर करता येत नाही. बुखारीचा आणखी एक प्रकार लाकडाच्या भुशावर चालतो. मधोमध दांडा उभा करून त्याभोवती भुसा ठासून भरावयाचा आणि दांडा काढून घेतल्यावर राहिलेल्या पोकळीत जाळ लावावयाचा. महाराष्ट्रात जुन्या घरांतून भुशाची शेगडी याच रीतीने भरीत असत. फरक इतकाच की, तिच्यावर अन्न शिजे आणि येथे खोली तापते. एकदा भरली की ती पुष्कळ तास मंदपणे जळते. भुसा मात्र कोरडा आणि सारखा ठासलेला हवा, एरवी मध्येच ढासळून जाळ कोंडतो.

याच्या उलट टोकास रशिया व मध्य युरोपातील विटांच्या जड शेगड्या आहेत. त्यांत तास-दोन तास मोठा स्वच्छ जाळ करतात, तप्त वायू विटांच्या नागमोडी मार्गातून फिरवितात आणि तापलेल्या विटा पुढे अर्धा दिवस सौम्य ऊब देत राहतात. कारागीर मिळत असेल आणि घराचा पाया तो भार सोसणारा असेल, तर वर्षातील पाच महिने थंडी असणाऱ्या ठिकाणी हा प्रकार उत्तम. आठवड्याच्या अखेरीस एक रात्र मुक्कामास येणाऱ्या माणसाला मात्र त्याचा उपयोग नाही. विटा तापेपर्यंत त्याची निघण्याची वेळ होते! काश्मीरच्या कांगडीने तर हा सगळा प्रश्नच वेगळ्या वाटेने सोडविला आहे. वेताच्या विणीतील मातीच्या भांड्यात निखारे घालून ती फेरनच्या आत धरतात. खोली थंड असली तरी माणूस ऊब घेतो.

शेगडी किती मोठी घ्यावी, याविषयी विक्रेत्याचा सल्ला बहुधा एकाच दिशेचा असतो. म्हणून हिशोब स्वतः करून पाहावा. चार मीटर लांब, चार मीटर रुंद व तीन मीटर उंच अशी एक खोली घेऊ. नऊ इंची विटांच्या दोन भिंती बाहेरच्या बाजूस, वर काँक्रीटचा उघडा स्लॅब, तीन चौरस मीटरची खिडकी. चंदीगडमधील वरच्या मजल्यावर असते तशी. बाहेर ६ अंश आणि आत १८ अंश हवे असतील, तर भिंतींतून ताशी सुमारे साडेचारशे किलोकॅलरी, स्लॅबमधून पाचशे, खिडकीच्या काचेतून पावणेदोनशे आणि फटींतून येणाऱ्या हवेमुळे अडीचशे अशी उष्णता निसटते. बेरीज पावणेचौदाशेच्या जवळपास, म्हणजे १.६ किलोवॉट. दुकानात मांडलेली साधी शेगडीही सहा ते दहा किलोवॉटची असते, हे येथे ध्यानात घ्यावे.

मोठी शेगडी घेऊन ती मंद ठेवावी, असे येथे कोणीही म्हणेल. परंतु मंद ठेवणे म्हणजे हवा कोंडणे, आणि हवा कोंडली की आतील तापमान उतरते, वायू न जळता निसटतात, नळीत डांबरासारखा काळा थर साचतो. हा थर कधी पेटला तर नळी लाल होईपर्यंत तापते आणि घरास आग लागू शकते. लहान शेगडी तेजाने जाळणे हे मोठी शेगडी कोंडून ठेवण्यापेक्षा सर्व दृष्टींनी श्रेयस्कर. वरच्या बेरजेत दुसरीही एक गोष्ट दडलेली आहे. सर्वांत मोठी गळती स्लॅबची आहे. स्लॅबखाली उष्णतारोधक थर देऊन लाकडी छत केले आणि खिडकीच्या फटी बुजविल्या, तर गरज जवळजवळ निम्म्यावर येते. शेगडीच्या किमतीतील काही भाग छताकडे वळविला तर तो पुष्कळदा अधिक कामास येतो. फटी बुजविताना शेगडीस लागणारी हवा मात्र विसरता कामा नये. एक किलो लाकडामागे आठ-दहा घनमीटर हवा लागते. तिच्यासाठी शेगडीजवळ, जमिनीलगत, बाहेरून येणारी एक लहान नळी ठेवावी.

लाकडाचा विचार याच हिशोबात येतो. पूर्ण सुक्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ४,४०० किलोकॅलरी उष्णता असते आणि, सामान्य समजुतीच्या उलट, बाभूळ असो, शिसू असो, तुती असो वा निलगिरी, हा आकडा वजनामागे फारसा बदलत नाही. जड लाकूड कमी जागेत मावते व त्याचा निखारा टिकतो, एवढाच त्याचा मोठेपणा. चिडासारख्या राळयुक्त लाकडाने नळी अधिक काजळते. खरा फरक पडतो तो पाण्याने. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मे पाणी असते. प्रत्येक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे सहाशे किलोकॅलरी खर्ची पडतात. त्यामुळे ओल्या लाकडाच्या एका किलोतून जेमतेम १,९०० किलोकॅलरी हाती येतात. वीस टक्के ओलावा उरलेल्या सुक्या लाकडातून ३,४०० येतात. वखारीत लाकूड वजनावर विकले जाते. ओले लाकूड क्विंटलने विकत घेणाराने पन्नास किलो पाणी त्याच भावात घेतलेले असते, आणि ते उकळण्याचा खर्चही त्याच्याच माथी येतो. लाकूड पावसाळ्यापूर्वी घ्यावे, फोडून ठेवावे आणि वरून झाकून बाजूंनी उघडे राहील असे रचावे. टोकास भेगा पडलेल्या असल्या आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटता टणटणीत आवाज आला, तर लाकूड वाळले असे समजावे.

आता वरच्या खोलीचा हिशोब पुरा करता येतो. साठ टक्के कार्यक्षमतेच्या शेगडीस सुके लाकूड ताशी दोन तृतीयांश किलो लागेल. संध्याकाळच्या चार तासांस पावणेतीन किलो. बारा टक्क्यांच्या उघड्या चुलीस त्याच चार तासांत तेरा किलोंहून अधिक लागेल, आणि चुलीने ओढून आणलेली थंड हवा तापविण्याचे ताशी हजारएक किलोकॅलरी त्यात धरलेले नाहीत. एका हिवाळ्यात शंभर संध्याकाळी धरल्या, तर हा फरक दहा क्विंटलांच्या वर जातो. एवढे लाकूड शिवालिकच्या टेकड्यांतून यावयाचे असते.

या टेकड्यांचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. चंदीगडच्या सुखना तलावात १९५८ नंतर वेगाने गाळ भरू लागला, तेव्हा त्याचे मूळ वरच्या उघड्या पडलेल्या डोंगरउतारांवर सापडले, आणि तेथील सुखोमाजरी गावी १९७० नंतरच्या दशकात मृदसंधारणाचे जे काम झाले ते सर्वश्रुत आहे. जवळच्याच नाडा गावात १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत वास्तुरचनाकार मधु सरीन यांनी गावातील स्त्रियांबरोबर धुराड्याची मातीची चूल घडविली. ती ‘नाडा चूल’ म्हणून ओळखली गेली. तिचा उद्देश स्वयंपाकाचा, खोली तापविण्याचा नव्हे. तरी शेगडी निवडणाऱ्यास तिच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. चूल कोणत्या उंचीची असावी, तोंड किती रुंद असावे, कोणते भांडे कोठे बसावे, हे तेथे चुलीपुढे बसणाऱ्या बाईने ठरविले आणि बांधणाऱ्याही गावातल्याच स्त्रिया होत्या. महाराष्ट्रात वर्ध्याच्या मगनवाडीत याआधीच, १९४७ च्या सुमारास, मगन चूल तयार झाली होती. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला व तो २००२ पर्यंत चालला. त्यात लक्षावधी चुली बसविल्या गेल्या आणि त्यांपैकी पुष्कळ थोड्याच वर्षांत मोडीत निघाल्या. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली चूल घरात तुंबलेल्या नळीमुळे बंद पडे, कारण नळी कोणी आणि कशाने साफ करावयाची, हे बसविताना सांगितलेले नसे. म्हणून दुकानात शेगडी पाहताना प्रथम तिची नळी सुटी होते काय आणि राखेचा खण घरातील वृद्ध माणसास ओढता येतो काय, हे पाहावे. कार्यक्षमतेचा छापील आकडा त्यानंतर वाचला तरी चालेल.

नळीविषयी आणखी थोडे. तिचा व्यास शेगडीच्या मुखाहून कमी नसावा, ती शक्य तितकी सरळ वर जावी आणि शेगडीपासून टोकापर्यंत साडेचार मीटर तरी उंची मिळावी. नळीचे टोक छपरातून ती जेथे बाहेर पडते तेथून किमान एक मीटर वर असावे आणि तीन मीटरांच्या आत असलेल्या छपराच्या कोणत्याही भागाहून साठ सेंटिमीटर उंच असावे. असे नसल्यास वारा फिरताच धूर घरात उलटतो. देवदाराच्या फळ्यांचे छत असलेल्या घरांत उघडी नळी लाकडापासून पंचेचाळीस सेंटिमीटर दूर ठेवावी आणि छतातून जाताना दुहेरी आवरणाची घ्यावी. खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे लहान यंत्र लावावे. शेगडीच्या मानाने त्याची किंमत किरकोळ असते.

राहता राहिला खुद्द शहराचा प्रश्न. सेक्टर १७ च्या आसपास सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाने लाकडाची शेगडी घेऊ नये, असेच स्पष्ट म्हणावे लागते. थंडी तेथे सहा-सात आठवड्यांची. धुराडे शेजाऱ्याच्या खिडकीखाली उघडणार. आणि धुक्याच्या दिवसांत हवा स्तब्ध असल्यामुळे बाहेर सोडलेला धूर खाली साचून राहतो. उष्णता उलट दिशेने वाहून आणणारे वातानुकूलन यंत्र एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटांची ऊब देते. तेथे तेच योग्य. कसौली, सोलन वा त्यापलीकडे ज्याचे घर आहे, आसपास छाटणीचे लाकूड मिळते आणि हिमवर्षावात वीज जाते, त्याच्यासाठी लाकडाची शेगडी आहे. त्याने ती ऑक्टोबरातच बसवून घ्यावी आणि पहिला जाळ दिवसा करावा. अर्ध्या तासाने बाहेर जाऊन नळीच्या टोकाकडे पाहावे. तेथे हवेची थरथर तेवढी दिसली, धूर दिसला नाही, तर शेगडी नीट जळते आहे. दाट करडा धूर निघत असेल, तर लाकूड ओले आहे किंवा हवेची झडप अवेळी बंद केली गेली आहे. दोन्ही गोष्टी त्या दिवशीच सुधारता येतात. हंगामात महिन्यातून एकदा नळी ब्रशने झाडावी आणि निघालेली काजळी पाहून ठेवावी. ती भुरभुरीत असली तर चिंता नाही. चकचकीत व कडक थर निघाला तर कारागिराकडून नळी पूर्ण साफ करून घेईपर्यंत शेगडी पेटवू नये.